गाळलेले सहा चौक

तिकोणा पेठ
कार्तिक वद्य एकादशी, २६ नोव्हेंबर २०२४

मित्रवर्य ताजुद्दीन यास सखाराम अंबाजी मोहोळ याचा नमस्कार.

आपल्या वयाला अशी अवचित पत्रे बहुधा कोणाच्या तरी निधनाची असतात. हे तसे नाही. तेव्हा तुला हे वाचून दाखवणाऱ्या तुझ्या लेकीने, जीनतने, पहिली ओळ वाचताच घाबरू नये. लोणावळ्याच्या बाजारात ती आपल्या गावच्या मुक्ताबाईस भेटली. तू आता तिच्याजवळच कुरवंड्यास राहतोस, आणि दम लागत असल्यामुळे बोलणे कमी झाले आहे, असे मुक्ताबाईने येऊन सांगितले. प्रकृतीस जपावे.

पस्तीस वर्षांनी लिहिण्याचे निमित्त सांगतो. माझी नात प्रेरणा तळेगावी एका कारखान्यात नोकरीस आहे. तिला गळा आहे. डफही ती बरा वाजवते. तिने कोणत्याही कंपनीच्या दारी न जाता, स्वतःच्या हिमतीवर सहा शाहिरी कवनांचा अल्बम काढण्याचे योजिले आहे. तिचा हा पहिलाच. ध्वनिमुद्रण झाले, सव्वीस जानेवारीस तो मोबाइलवरून सर्वांना ऐकता येईल. तू आणि मी ज्या काळी देवीच्या ओट्यावर बसत असू, त्या काळची ही कवने आहेत. तू म्हणायचास आणि मी बाडात उतरून घ्यायचो, हे तुला स्मरत असेलच.

अडचण अशी की, बाडाची शेवटची पाने वाळवीने खाल्ली. प्रत्येक कवनाचा शेवटचा चौक, म्हणजे ज्या कडव्यात शाहीर आपले नाव आणि गाव सांगतो ती छाप, वाचता येत नाही. तुला आठवत असल्यास जीनतकडून लिहवून पाठवावी. संग्रह पूर्ण असावा एवढाच हेतू.

घरी सर्वांस आशीर्वाद.

तुझा
सखाराम

*

तिकोणा पेठ
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, ११ डिसेंबर २०२४

प्रिय ताजुद्दीन,

तुझे उत्तर आले. अक्षर जीनतचे असले तरी आवाज तुझाच होता. वाचताना तू समोर मांडी घालून बसल्याचा भास झाला. तू लिहवलेस ते येथे उतरवतो, कारण ते माझ्या हातूनही एकदा लिहिले जावे असे वाटते:

"मास्तर, वाळवी लागली म्हंता. आन ती वाळवी सहाच्या सहा गाण्यांचा निस्ता शेवटचाच चौक खाऊन गेली? पयला चौक न्हाई खाल्ला, मधला न्हाई खाल्ला. लय शिकल्याली वाळवी दिसतीया. तुमच्याच शाळंत व्हती का?"

मी हसलो. मग पोथी उघडून बसलो, पण अर्थ लागेना.

बाडास वाळवी लागलेली नाही. लाल फडक्यात बांधलेले ते माझ्या देवघरात, पोथ्यांच्या शेजारी आहे. त्यात शेवटचे चौक नाहीत. कारण मंदिराच्या कलशारोहणाच्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, पुस्तिका छापावयाची ठरली तेव्हा मी बाडाची नवी प्रत केली. तीत ते उतरवले नाहीत आणि जुनी प्रत पवना नदीत सोडली. हे असत्य मी तुला का लिहिले, तर पत्र जीनत वाचणार, आणि तिच्या तोंडून तुझ्या कानी हे जावे याची मला लाज वाटली. आता ती वाचतेच आहे. मुली, क्षमा कर. तुला मी मध्ये घालीत आहे.

परंतु त्या वेळची परिस्थिती तू जाणतोस. देवीच्या पुस्तिकेत, देवीच्या गोंधळाखाली मुसलमानाचे नाव नको असे पंचांचे म्हणणे पडले. मी शाळामास्तर, गावचे अन्न खाणारा. पंचांच्या शब्दापुढे माझा काय पाड होता? मी तुझी बाजू मांडली नाही हा दोष मी पत्करतो; मात्र तो निर्णय माझा नव्हता, एवढे तू मनात धरावेस.

तुझ्या अनुमतीवाचून कवने बाहेर जाऊ नयेत, म्हणून हा पत्रप्रपंच. एका ओळीत होय किंवा नाही कळवावे.

तुझा
सखाराम

*

तिकोणा पेठ
मार्गशीर्ष वद्य एकादशी, २६ डिसेंबर २०२४

प्रिय ताजुद्दीन,

"पंच मेलं. मेलेल्या मानसावर ढकलू नका. मला कुणी पंच भ्येटला नव्हता, तुमीच भ्येटला व्हता." एवढेच तू लिहवलेस. खाली जीनतने स्वतःहून एक ओळ लिहिली आहे: "एवढं सांगून अब्बा उठून बाहेर उन्हात जाऊन बसले."

आज निरंकार उपवास केला आहे. ज्या तोंडात अन्न नाही त्यातून तरी असत्य निघू नये, एवढ्यासाठी.

पंचांनी मला काहीही सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नव्हते. ते बिचारे मंडपाच्या आणि जेवणावळीच्या विवंचनेत होते. पुस्तिका कोणी उघडून पाहिली असेल की नाही, शंका आहे. मीच मनाशी धरले की त्यांना ते नाव रुचणार नाही, आणि कोणी आक्षेप घेण्याआधीच ते नाहीसे केले. भिऊन केले असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो. भय होते, पण त्याखाली दुसरे काही होते, ते आज लिहितो.

तुझ्या स्मरणात नसेल, पण मीही कवने रचीत असे. वृत्तबद्ध, निर्दोष, संस्कृतप्रचुर. एकदा गोकुळाष्टमीस मी माझे एक म्हणून दाखवले. लोकांनी हात जोडून ऐकले आणि शेवटी माझ्या सासूने, सविताच्या आईने, विचारले, "मास्तर, आता ताजूभाऊचं व्हनार का?" तिच्या डोळ्यांत कपट नव्हते. तिला ऐकायचे होते ते तिने विचारले. तिसरी शिकलेला माणूस डफावर थाप मारतो आणि देवी त्याच्या तोंडून बोलते; मी दहा वर्षे व्याकरण घोकले आणि माझ्या तोंडून केवळ व्याकरण निघते. ही गोष्ट मला सोसली नाही. तुझे कवन मी काढून घेऊ शकत नव्हतो. नाव काढून घेणे माझ्या हातात होते.

आणि मग तू छापखान्यातून आलेली पुस्तिका चाळीत माझ्या ओसरीवर आलास. तुला वाचायला वेळ लागे, बोट फिरवीत तू शेवटापर्यंत गेलास आणि म्हणालास, "मास्तर, माजं गानं मधीच मोडलं का हितं? छाप कुटं हाय?"

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "ताजुद्दीन, श्रुतीला कर्ता नाही. जे अपौरुषेय तेच चिरंतन. तुझे कवन त्या पंक्तीला बसावे अशी माझी इच्छा आहे. नावाचा मोह कशाला?"

तू पहिले पान उघडून त्यावर बोट ठेवलेस. "मंग हितं संपादक म्हनून तुमचं नाव कशापायी?"

तू पुस्तिका पायरीवर ठेवलीस आणि गेलास. त्या चैत्रात देवीपुढे गोंधळ झाला नाही. पावसाळ्याआधी तू बिऱ्हाड लोणावळ्यास हलवलेस. लोक म्हणाले, पोटासाठी गेला. मीही तेच म्हणत राहिलो.

माझे म्हणणे विद्येच्या दृष्टीनेही खोटे होते, हे तुला कळण्याचा मार्ग नव्हता. मला मात्र ते त्या क्षणीही ठाऊक होते. कोणतेही स्तोत्र म्हणण्याआधी विनियोग करतात. ज्याला ते प्रथम दिसले त्या ऋषीचे नाव आधी, मग छंद, मग देवता. आणि त्यानंतरच पहिले अक्षर. ऋषी न जाणता जो पाठ करतो किंवा इतरांकडून करवतो त्यास दोष लागतो, असे पूर्वाचार्य सांगतात. मी वयाच्या आठव्या वर्षापासून रोज सकाळी देवघरात बसून आधी स्तोत्राच्या ऋषीचे नाव घेतो. शेजारी तुझे बाड असते.

म्हणजे शास्त्राने मला चुकवले नाही. मी शास्त्राला तुझ्या अंगावर घातले.

आता नातीचे. अल्बम टाकताना अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, गीतकार. प्रेरणाने विचारले, "आबा, ही गाणी कुणाची?" मी जप करीत होतो. माळ न थांबवता मी म्हणालो, "पारंपरिक लिही." तिने लिहिले. तिच्या मनात माझी जी मूर्ती आहे, ती मी त्या दोन शब्दांत वाचवली आणि तुला दुसऱ्यांदा गाळले. तिला अद्याप काही माहीत नाही. एक महिना उरला आहे. मी तिला सांगणार आहे, हे आज तुला लिहून ठेवतो. कारण लिहून ठेवले नाही तर मी सांगणार नाही, इतपत स्वतःस ओळखतो.

छापेचे शब्द मी तुझ्याकडे मागितले, तेही ढोंगच. मला ते सहाही पाठ आहेत. देवीच्या गोंधळाची ही:

गड तिकोण्याच्या खाली पेठ माझं गाव,
ताजुद्दीन तांबोळी हे शाहिराचं नाव,
आई, तुझ्या पायरीशी दे गं मला ठाव. जी जी.

तू ठाव मागितला होतास. मी ती ओळ छापली नाही.

सखाराम

*

तिकोणा पेठ
पौष शुद्ध एकादशी, १० जानेवारी २०२५

प्रिय ताजुद्दीन,

प्रेरणा तुझ्याकडे येऊन गेली, त्यामुळे पुष्कळसे तुला कळले आहे. माझ्या बाजूने काय घडले तेवढे लिहितो.

मागच्या रविवारी सकाळी ती अल्बमचे चित्र दाखवायला घेऊन आली. डफ, त्यामागे गड. खाली बारीक अक्षरात: गायन प्रेरणा मोहोळ, कवने पारंपरिक, मार्गदर्शन सखाराम मोहोळ. मी तिला बसवले आणि देवघरातून बाड काढून तिच्या पुढ्यात ठेवले. माझी प्रस्तावना लांबू लागली तेव्हा ती म्हणाली, "आबा, प्रवचन नको. काय झालंय ते सांगा."

मी सांगितले. तिने एवढेच विचारले, "ते आहेत अजून?"

"आहेत. कुरवंड्याला, लेकीकडे. ती तिथे टपरी चालवते."

"कुरवंडे! आबा, इथून डोंगर ओलांडला की कुरवंडे. मी दर पावसाळ्यात तिकडं फिरायला जाते. त्यांच्या लेकीच्या टपरीवर मॅगी खाल्ली असेल मी!" मग तिचा आवाज चढला. "सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते, हे आमच्या मावळातलं जुनं, कुणाचंच नसलेलं गाणं आहे. कुणाचंच नसलेलं! अर्ज मी भरला. तुमच्या तोंडाकडं बघून भरला. खोटं तुमचं, अक्षर माझं."

तिने तेथेच बसून मोबाइलवरून अर्ज मागे घेतला. सव्वीस जानेवारी टळली. जमवलेली पुंजी, मैत्रिणींना दिलेली आमंत्रणे, कारखान्यात वाटलेले पेढे, हे सर्व तिच्या माथी आले, माझ्या नाही. जाताना ती पाया पडली नाही. लहानपणापासून असे प्रथमच झाले. सविता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं माझ्या आईला वाटायचं, ताजूभाऊ आपल्याच कुणाच्या तरी बोलण्यानं गेला. तिला मी येडी म्हणायची." एवढे बोलून ती भाकरी थापायला गेली.

तुझ्याकडून परतल्यावर प्रेरणाने मला तुझ्या भेटीची हकीकत दिली; उपचारापुरती का होईना, पण दिली. तिने मोबाइलवर सर्व सहा ऐकवली आणि तू डोळे मिटून ऐकलीस म्हणे. मग म्हणालास, "पोरी, गातीस ब्येस. पर तिसऱ्या गान्यात तू गात न्हाईस, शिकवनी घेतीस. त्यो मास्तरांचा गुन." ती हे सांगताना किंचित हसली. त्या हसण्यावर मी दोन दिवस काढले.

तुझी अनुमती मिळाली हे ऐकून मी तिला सुचवले की, प्रायश्चित्त म्हणून माझे नाव अल्बमवरून संपूर्ण वगळावे. मला ते उचित वाटले. खरे सांगायचे तर त्यागासारखे वाटून किंचित बरेही वाटले. तिने तेथल्या तेथे जीनतला फोन लावला आणि तुला विचारले. मला तुझा आवाज ऐकू आला. पस्तीस वर्षांनी. दम लागत होता, तरी शब्द तुटला नाही:

"नाव गाळनं मास्तरांना लय सोपं जातं. पयलं दुसऱ्याचं गाळलं, आता सवताचं गाळून मोकळं व्हत्यात. न्हाई जमायचं. त्यांनी काय क्येलं त्ये लिवा तितं. आन माज्या छापंला झील त्यांनी धरायची. सहाच्या सहा."

प्रेरणाला झील म्हणजे काय हे नीट माहीत नव्हते. मी तिला कधी शिकवलीच नव्हती. शाहीर पुढे उभा राहून ओळ टाकतो. मागे उभा असलेला झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलून, शाहिराहून उंच सुरात, सर्व सभेला ऐकू जाईल असे पुन्हा म्हणतो, आणि वर जी जी धरतो. छापेचा चौक असेल तर झीलकऱ्याच्या वाट्याला शाहिराचे नाव येते. हे मी तिला समजावले तेव्हा ती म्हणाली, "मग बरोबर आहे. तुम्हीच म्हणायला हवं."

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. उंच सूर लागेल की नाही ठाऊक नाही. पण नाही म्हणण्याचा अधिकार माझ्याजवळ उरलेला नाही.

सखाराम

*

तिकोणा पेठ
माघ शुद्ध एकादशी, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताजुद्दीन,

काल तळेगावास जाऊन आलो. स्टेशनापलीकडच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, संदेश नावाच्या गृहस्थाने राहत्या घरातली एक खोली ध्वनिमुद्रणासाठी केली आहे. भिंतींना गाद्या लावलेल्या. मला आत उभे केले, कानांवर यंत्र चढवले आणि दार लावून घेतले. काचेपलीकडे तो आणि प्रेरणा. तू यायचे नाही म्हटलेस, ते मला समजले. म्हणून तेथे काय घडले ते मीच कळवतो.

कानात प्रेरणाने नव्याने म्हटलेली, सहाही छापांत असलेली ओळ येई: ताजुद्दीन तांबोळी हे शाहिराचं नाव. तेथे थांबून मी उचलायचे. पहिल्याच कवनाला मी म्हटले आणि संदेशने हात वर केला. "आजोबा, छान. फक्त नाव दबतंय. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले. "जी जी खणखणीत आलं. नाव दबलं."

मी म्हणालो, वय झाले, श्वास पुरत नाही. त्याने पाणी दिले, खुर्ची दिली. माईक खाली केला. बसून म्हटले, उभ्याने म्हटले. असे करीत पाच कवने कशीबशी पार पडली. सहावा देवीचा गोंधळ. त्याला चार वेळा झाले तरी नाव येईना. तेव्हा प्रेरणा आत आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "आबा, एक ऐकवते," आणि तिने डफ, तिचा गळा, सर्व बंद करून केवळ माझा आवाज लावला, चारही वेळांचा, एकापाठोपाठ.

गाव स्पष्ट. जी जी स्पष्ट. ठाव स्पष्ट. मधल्या नावाशी आले की आवाज पायरी उतरल्यासारखा खाली जाई आणि नाव संपताच पुन्हा वर येई. चारही वेळा, त्याच ठिकाणी. श्वास कमी पडला असता तर नंतरची ओळ इतकी उंच लागली नसती.

ताजुद्दीन, ते वय नव्हते. देवीचे नाव जवळ आले की तुझे नाव हळू घ्यायचे, ही सवय माझ्या गळ्यात मुरली आहे. मला वाटत होते मी पाप केले ते एका चैत्रात, एका लेखणीने. ते अजून चालू होते. आणि बंद खोलीत, जेथे ऐकणारे दोघेच, तेथेही चालू होते. कोणाला भीत होतो मी? पंच नाहीत, पुस्तिका नाही. देवी होती, आणि तिची हरकत असल्याचे तिने कधीच सांगितलेले नाही.

मी प्रेरणाला म्हणालो, "तू बाहेर जाऊ नकोस. येथेच, समोर उभी राहा." ती उभी राहिली. पाचव्यांदाही खाली गेले. सहाव्यांदा तिने हाताने खूण केली, वर, वर. सातव्यांदा मी डोळे उघडे ठेवून, तिच्याकडे पाहत म्हटले. संदेशने हात वर केला नाही. कानांवरचे यंत्र प्रेरणाने स्वतः काढले आणि मला धरून पायऱ्या उतरवल्या.

अल्बम येत्या शिवजयंतीस निघेल. त्यावरील मजकूर प्रेरणाने मला वाचून दाखवला, तो असा: कवने शाहीर ताजुद्दीन तांबोळी, मुक्काम कुरवंडे, मूळ गाव तिकोणा पेठ. गायन प्रेरणा मोहोळ. बाड लिहून घेणारे, १९८९ साली शाहिराची छाप वगळणारे आणि या अल्बमात झील धरणारे सखाराम अंबाजी मोहोळ. पुढल्या एकादशीस मी देवळात प्रवचनाला बसेन तेव्हा समोरच्यांनी हे वाचलेले असेल. कोणी बसेल, कोणी उठेल. मी बसेन.

तुझी क्षमा मागितली नाही, हे जीनतच्या ध्यानात आले असेल. मागितली की तुला काहीतरी द्यावे लागेल, आणि मी तुझ्याकडून पुष्कळ घेतले आहे.

ध्वनिमुद्रण प्रेरणा आज जीनतच्या मोबाइलवर पाठवील. सहावे नीट ऐक. संदेशला ते ठीक वाटले. पण त्याने तुझे नाव गावात दुमदुमताना कधी ऐकलेले नाही, तू ऐकले आहेस. अजूनही दबलेले वाटले तर प्रेरणाला सांग. ती मला पुन्हा उभे करील.

तुझा झीलकरी
सखाराम